बादली आणि घड्याळ : चार फुटी टाकीच्या कॅनिस्टर फिल्टरच्या नोंदी

माशांची टाकी १२० × ४५ × ४५ सेंमीची. काठोकाठ भरली तर २४३ लिटर. वाळू, दगड, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी २०० लिटरच्या आसपास. जागा पुणे, सिंहगड रस्त्याची बाजू. सोसायटीला हिवाळ्यात महापालिकेचं पाणी पुरतं, मार्चपासून टँकर येतात. मासे डेनिसन बार्ब, दुकानात ज्यांना ‘मिस केरळ’ म्हणतात ते, आणि तळाला थोडे लोच. झाडांमध्ये लाकडाला बांधलेलं अनुबियास आणि जावा फर्न, कारण मऊ पानांची झाडं हे बार्ब कुरतडतात.

१५ डिसेंबर २०२४, रविवार

सध्याचा इंटर्नल फिल्टर, म्हणजे टाकीतच बुडवलेला, या टाकीला पुरत नाही. स्पंज चार दिवसांत चिखलाने भरतो, तो काढताना निम्मी घाण परत पाण्यात सुटते, आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला पाणी जवळजवळ उभं असतं. डेनिसन बार्ब हा केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या वाहत्या ओढ्यांमधला मासा. २०१३ साली त्याच्या वंशाला ‘सह्याद्रिया’ हे नाव मिळालं, ते उगाच नाही. पूर्ण वाढला की तो १५ सेंमीपर्यंत जातो, थव्याने राहतो, आणि साचलेल्या पाण्यात झुरतो. निसर्गात त्याची संख्या धोक्यात आहे, तेव्हा घरात आणला तर त्याला वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी देणं ही आपली जबाबदारी आहे.

टॉप फिल्टर स्वस्त आहे आणि धुवायला सगळ्यात सोपा, पण टाकीवर दिवा आणि जाळीची चौकट असल्यामुळे त्याला जागा नाही. संप, म्हणजे खाली ठेवलेली दुसरी गाळणीची टाकी, उत्तम, पण त्यासाठी सहसा काचेला भोक पाडावं लागतं, आणि पाण्याने भरलेल्या टाकीत ते होत नाही. काठावर टांगायचे हँग-ऑन या आकाराला दोन लावावे लागतील. राहिला कॅनिस्टर : टाकीखाली ठेवायचा बंद डबा, जो पाइपाने पाणी ओढून, गाळून परत टाकीत पाठवतो.

१८ डिसेंबर

हिशोब. २०० लिटर पाणी तासाला किमान चार वेळा फिल्टरमधून जायला हवं, म्हणजे ताशी ८०० लिटर. हा आकडा टाकीत परत पडणाऱ्या पाण्याचा हवा. बॉक्सवरचा आकडा मोटर मोकळी चालते तेव्हाचा असतो. मीडिया, म्हणजे आतले स्पंज आणि रिंगा, भरला, पाइप जोडला की त्यातला तिसरा हिस्सा सहज जातो, कधी निम्मा. म्हणून बॉक्सवर १२०० ते १४०० असलेले फिल्टर बघायचे.

दोन रस्ते आहेत. जर्मन एहाइमचा क्लासिक २२१७ : कंपनीचा आकडा ताशी १००० लिटर, वीज २० वॉट, वर्षानुवर्षं चालतो अशी ख्याती. मला सांगितलेली किंमत चिनी फिल्टरच्या जवळजवळ तिप्पट. दुसरीकडे चिनी बनावटीचा, ताशी १४०० लिटर लिहिलेला, ३५ वॉट. चोवीस तास चालणाऱ्या यंत्रात १५ वॉटचा फरक म्हणजे महिन्याला साधारण ११ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर वर्षाला तेराशे रुपये. एवढ्या बचतीतून किमतीतला फरक भरून निघायला सात-आठ वर्षं लागतील. ज्याच्याकडे आज पैसे आहेत त्याने खुशाल क्लासिक घ्यावा, आवाज कमी आणि कटकट कमी. माझं बजेट सहा हजारांचं आहे, तेव्हा दुसरा रस्ता.

यूव्ही दिवा असलेलं मॉडेल नको. दिवा ठरावीक काळाने बदलावा लागतो, त्याची काचेची नळी म्हणजे गळतीची आणखी एक जागा, आणि तो ज्यासाठी असतो त्या शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्याचा त्रास मला नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

दोन दुकानं पाहिली. पहिल्यात किंमत चांगली होती, पण इम्पेलर (मोटरचं पाणी फेकणारं फिरतं पातं) आणि झाकणाची ओ-रिंग (गळती रोखणारं रबरी कडं) सुटी मिळते का असं विचारल्यावर उत्तर आलं, “खराब झाला तर नवीन घ्या.” तिथून निघालो. कॅनिस्टरमध्ये झिजणाऱ्या वस्तू तीन-चारच असतात : इम्पेलर, त्याचा सिरॅमिकचा दांडा, ओ-रिंग आणि तोट्यांचा जोड. त्या मिळत नसतील तर यंत्र कितीही चांगलं असो, एक दिवस ते भंगारात जाणार.

दुसऱ्या दुकानात हे सगळं काउंटरवर टांगलेलं होतं. मी चालवून दाखवायला सांगितलं.

“साहेब, बॉक्सवर चौदाशे लिहिलंय की.”

“दादा, बादली आहे ना? दहा लिटरची?”

त्यांनी हौसेने दाखवलं. फिल्टर मोकळा, पाण्याचा टब टेबलावर, बाहेरचा पाइप खाली जमिनीवरच्या बादलीत. २६ सेकंदांत दहा लिटर, म्हणजे ताशी १३८५. आकडा बॉक्सशी जुळला. पण पाइप टबाच्या पातळीच्या खूप खाली असेल तर सायफननेही पाणी ओढलं जातं, मोटरचं काम हलकं होतं. घरी तर पाणी परत टाकीच्या काठापर्यंत चढवायचंय. मी बादली स्टुलावर ठेवून टबाच्या काठाच्या उंचीला आणायला सांगितली. आता ३१ सेकंद लागले, ताशी ११६१. दादांनी स्वतः घड्याळ लावून पुन्हा मोजलं, तेवढंच आलं. “हे असं आम्ही कधी मोजलं नव्हतं,” म्हणाले. मीडिया भरल्यावर यातले पाव भाग जातील असं धरलं तरी ८५०च्या वर राहतात. घेतला.

फिल्टर ५,८०० रुपये. सिरॅमिक रिंग एक किलो ५००. खरखरीत आणि मध्यम स्पंज, कापसासारखा पांढरा फ्लॉस मिळून २५०.

२२ डिसेंबर, रविवार

बसवला. सगळा दिवस गेला, त्यातला मोठा भाग मीडिया धुण्यात. सिरॅमिक रिंगांची पांढरी भुकटी चार-पाच पाण्यांतून निघाली.

बॉक्समध्ये टोपल्या भरूनच आल्या होत्या, पण तशा लावू नका. एक तर मीडिया बंद प्लास्टिकच्या पिशव्यांत असतो. त्या फाडून काढायच्या, नाहीतर पाणी बाजूने निघून जातं. दुसरं म्हणजे पाणी कुठून कुठे जातं ते आधी बघायचं. माझ्या फिल्टरमध्ये ते झाकणातून शिरतं, कोपऱ्यातल्या नळीने तळाला जातं आणि टोपल्यांतून वर चढतं. मोटर झाकणात आहे. म्हणजे घाण पहिल्यांदा तळाच्या टोपलीत पोचणार, आणि कंपनीने तिथेच बारीक फ्लॉस ठेवलेला. तो आठवड्यात बुजला असता. माझी रचना : तळाला खरखरीत स्पंज आणि त्यावर मध्यम, मधल्या आणि वरच्या टोपलीत रिंगा, सगळ्यात वर फ्लॉसचा पातळ थर. कार्बनची पिशवी काढून ठेवली. ती औषध दिल्यानंतर पाण्यातून औषध काढायला कामाची, रोजच्या वापरात काही आठवड्यांत ती नुसती जागा अडवते.

पाइप आखूड कापले. तळापासून टाकीच्या काठापर्यंत सरळ, मध्ये वेटोळं नाही, कारण वेटोळ्याच्या वरच्या भागात हवा अडकते. पाइपाचं टोक गरम पाण्यात मिनिटभर बुडवलं की तोटीवर सहज चढतं, गार झालं की घट्ट बसतं.

आता मोजणी. बादलीवर दहा लिटरची खूण एक लिटरच्या बाटलीने भरून केली, कारण बादलीवर छापलेल्या खुणांवर माझा भरवसा नाही. टेबल, त्यावर पाट, त्यावर बादली, तोंड टाकीच्या काठाशी. स्प्रे बार (टाकीत पाणी परत सोडणारी भोकांची नळी) काढून पाइपाचं टोक बादलीत. ४१ सेकंद. ताशी ८७८ लिटर, टाकीच्या पाण्याचे ४.४ फेरे. हा झाला माझ्या फिल्टरचा शून्य मैलाचा दगड. कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून त्यावर तारीख आणि ‘४१’ लिहिलं.

जुना इंटर्नल फिल्टर काढलेला नाही. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया आणि नायट्राइट मोडणारे जिवाणू त्याच्या स्पंजात मुरलेले आहेत, ते जिथे वसायचे त्या नवीन रिंगा अजून कोऱ्या आहेत. दोन्ही एकत्र चालणार.

२९ डिसेंबर

आठवडाभर कॅनिस्टरमधून मधूनमधून ‘गुर्र’ असा हवेचा आवाज आणि स्प्रे बारमधून बुडबुडे. फिल्टर तिरका करून हवा काढली की दोन तास शांत, मग पुन्हा. झाकण, तोट्या, सगळं कोरडं. त्यामुळे गळती नाही असं वाटत होतं.

कारण शेवटी आत घेणाऱ्या पाइपाच्या वरच्या वाकात सापडलं, जिथे दोन प्लास्टिकच्या नळ्या एकमेकींत बसतात. हा जोड पाण्याच्या पातळीच्या वर आहे. तिथे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून फट असली तरी पाणी बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. कोरड्या जोडावर संशय येत नाही, तिथेच वेळ गेला. खात्री करायला जोडाभोवती ओला कपडा गुंडाळला, बुडबुडे थांबले. नळी काढून टेफ्लॉन टेपचे तीन वेढे दिले. आवाज बंद.

५ जानेवारी २०२५

सुरक्षेची कामं एका दमात केली, कारण खाली प्लायचं कॅबिनेट आहे आणि त्याखाली दुसऱ्या कुटुंबाचं छत.

कॅनिस्टर घमेल्यात ठेवला. १२० रुपयांचं प्लास्टिकचं घमेलं. थेंबभर गळालं तरी दिसतं. वीजेचा बोर्ड बाजूच्या भिंतीवर वर सरकवला आणि मोटरची वायर बोर्डाच्या खालून वळसा घेऊन वर जाते अशी ठेवली, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी वळशाच्या तळाशीच गळून पडतं, सॉकेटमध्ये जात नाही. घराला ईएलसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे, त्याचं बटण दाबून तपासलं. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, याला अपवाद नाही.

मोठी भीती वेगळी असते : बाहेरचा पाइप निसटला तर मोटर अख्खी टाकी हॉलमध्ये ओतेल. त्यावर उपाय म्हणून आत घेणाऱ्या नळीला पाण्याच्या पातळीखाली ५ सेंमीवर छिद्र पाडलं. पातळी तिथवर उतरली की छिद्रातून हवा शिरते आणि ओढ तुटते. आधी ३ मिमीचं पाडलं आणि बाहेरचा पाइप मुद्दाम खाली बादलीत सोडून पाहिलं. हवा शिरत होती, पण ओढ तुटत नव्हती, पाणी उतरतच राहिलं. छिद्र ५ मिमीचं केलं. आता पातळी छिद्राखाली जाताच फिल्टर घरघरला आणि प्रवाह तुटला. ५ सेंमी म्हणजे या टाकीचे २७ लिटर. तीन बादल्या पाणी पुसता येतं, दोनशे लिटर नाही. असं छिद्र पाडणाऱ्याने ते प्रत्यक्ष चालवून बघितल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

आत घेणाऱ्या जाळीवर ८० रुपयांचा स्पंज चढवला. पानांचे तुकडे, खाद्याचा गाळ तिथेच अडतो. दर रविवारी पाणी बदलताना बादलीत दोनदा पिळायचा. या सगळ्या कामात पैसे सगळ्यात जास्त वसूल इथे झाले आहेत.

२६ जानेवारी

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. जुना इंटर्नल फिल्टर काढला, त्याचा अर्धा स्पंज कापून कॅनिस्टरच्या मधल्या टोपलीत ठेवला. आठवडाभर खाद्य निम्मं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पुण्यात गुरुवार म्हणजे देखभाल-दुरुस्ती. नेहमी वीज दोन-तीन तास जाते, आज सकाळी दहाला गेली ती संध्याकाळी पाचला आली. शेजारच्या काकांकडे किल्ली होती, त्यांना फोन करून सांगितलं, “काका, लाइट आली तरी खालचा फिल्टर सुरू होऊ देऊ नका, तेवढा प्लग काढून ठेवा.” त्यांनी काढला.

कॅनिस्टर बंद डबा आहे. पाणी थांबलं की आतले जिवाणू उरलेला प्राणवायू काही तासांत संपवतात, मग मरायला आणि सडायला लागतात. वीज आल्यावर तोच डबा सुरू झाला तर ते पाणी थेट माशांवर जातं. घरी येऊन झाकण उघडलं तेव्हा कुजक्या अंड्याचा हलका वास होता. आतलं सगळं पाणी ओतून दिलं, टोपल्या टाकीच्याच पाण्याने विसळल्या, मग सुरू केला. दुसऱ्या दिवशी नायट्राइट ०.२५. खाद्य बंद, पाणी ३० टक्के बदललं. चार दिवसांत शून्यावर आलं. मासे सगळे ठीक.

इलेक्ट्रिशियनला बोलावून टाकीचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला, ४०० रुपये. आमचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे. जुन्या स्क्वेअर वेव्हवर या मोटरी गुणगुणतात आणि तापतात, तिथे कॅनिस्टरऐवजी बॅटरीवरचा एअर पंप लावावा. ३५ वॉटचा भार घरच्या बॅटरीला काहीच नाही. इन्व्हर्टर नसेल तर नियम साधा : दोन तासांपेक्षा जास्त बंद राहिला की उघडून, ओतून, विसळून मगच सुरू.

२३ फेब्रुवारी, रविवार

बादली लावली : ५८ सेकंद. ताशी ६२१ लिटर, तीनच फेरे. कागदावर ४१च्या खाली ५८. दिसायला पाणी स्वच्छ, मासे मजेत, आणि तरीही तिसरा हिस्सा प्रवाह गेलेला. ‘महिन्यातून एकदा धुवा’ किंवा ‘तीन महिन्यांनी धुवा’ असं सगळे सांगतात. प्रत्येकाची टाकी, मासे, खाद्य वेगळं, तर तारीख एकच कशी असेल? मी सेकंदांवर जाणार आहे. ५० ओलांडले की उघडायचा.

आज पहिली नीट सफाई. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळले. नळाखाली धरू नका, क्लोरीनने जिवाणू मरतात आणि फिल्टर पुन्हा कोरा होतो. रिंगा नुसत्या हलवल्या, घासल्या नाहीत. फ्लॉस नवीन. परत मोजलं : ४७. अकरा सेकंद मिळाले, पण ४१ नाही.

उरलेला अडथळा पाइपांत होता. बाहेरून काळपट वाटत नव्हते, पण आत बोट घातलं तर बुळबुळीत थर. दोन टोकांना ब्रश असलेली लांब स्प्रिंगची तार आणली, २२० रुपये, आणि बाल्कनीत पाइपातून ओढली. चहाच्या गाळासारखा तपकिरी लगदा बाहेर आला. मोजलं : ४२ सेकंद, ताशी ८५७. मीडिया धुतला की काम झालं असं समजणाऱ्यांनी पाइपाकडे बघावं.

२४ फेब्रुवारी

पहाटे आई पाणी भरायला उठते, तिने हाक मारली, “अरे, तुझ्या घमेल्यात पाणी आहे.” पेलाभर. झाकणाच्या एकाच बाजूने, मिनिटाला एखादा थेंब.

चारही क्लिप घट्ट होत्या. झाकण काढलं, ओ-रिंग बोटाने फिरवून पाहिली. कुठे चीर नाही, चपटी झालेली नाही. मग बॅटरी घेऊन डब्याच्या कडेची खाच बघत गेलो. एका कोपऱ्यात फ्लॉसचा एकच धागा, केसाहून जरा जाड, खाचेवर आडवा पडलेला. ओ-रिंग त्यावर बसल्याने दोन्ही बाजूंना अगदी सुईच्या टोकाएवढी फट राहत होती, आणि आतल्या दाबाखाली पाणी त्या धाग्यावरून चालत बाहेर येत होतं. रिंगवर त्या जागी बारीक वळ उमटलेला दिसला. धागा काढला, खाच बोटाला कापड गुंडाळून पुसली, रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं (१५० रुपयांची ट्यूब पुष्कळ दिवस जाते). पेट्रोलियम जेली वापरू नये, काही प्रकारचं रबर तिने फुगतं. झाकण लावून वर्तमानपत्राचा कागद घमेल्यात पसरला. रात्रीपर्यंत कोरडा.

तेव्हापासून क्रम ठरला : फ्लॉस आधी कापून, झटकून टोपलीत, आणि झाकण लावण्याआधी खाच शेवटी पुसायची.

२ एप्रिल

पाडव्यापासून पाणी ३० अंशांवर. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३०ला ७.६, आणि गरम पाण्यात माशाला तो जास्त लागतो. डेनिसन वर येऊन तोंड हलवायला लागले. काचेवर चिकटणारे दोन पंखे लावले, ९०० रुपये, आणि स्प्रे बार वळवून पृष्ठभागावर लाटा उठतील असा केला. वर मच्छरदाणीच्या जाळीची चौकट तशीच, कारण हे मासे उडी मारतात. दोन दिवसांत पाणी २७वर.

१३ एप्रिल, रविवार

पहाटे फिल्टर घरघरायला लागला. जोड तपासले, टेप ठीक. मग पातळी बघितली : जानेवारीत पाडलेलं छिद्र पाण्याच्या बाहेर डोकावत होतं. कोरड्या हवेत पंख्यांमुळे दिवसाला चार-साडेचार लिटर पाणी उडतं. आठवड्याच्या पाणीबदलापर्यंत २७ लिटर उडून जातात, म्हणजे बरोबर छिद्रापर्यंत. सुरक्षेचं छिद्र आपलं काम चोख करत होतं, दोन उपायांचं एकमेकांशी जुळत नव्हतं. उन्हाळ्यात एक दिवसाआड आठ-नऊ लिटर वरून घालायचे, आणि काचेवर टेपची खूण : पाणी याच्या खाली नाही. गावाला जाणार असाल तर कुणाला तरी हे काम नीट सांगून जा.

२७ एप्रिल, रविवार

बादली : ६१ सेकंद. जाळीवरचा स्पंज, आतला मीडिया, पाइप सगळं धुतलं, तरी ५४. शिवाय मोटरमधून खडखड.

इम्पेलर काढला. चुंबकावर आणि सिरॅमिकच्या दांड्यावर पांढरा, खरखरीत थर. क्षार. ३५० रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणून मोजलं : टाकी ४१०, टँकरचं पाणी ३८०, महापालिकेचं ११०. पंख्याने पाणी उडतं, क्षार मागे राहतात. त्यावर मी क्षाराचंच पाणी ओतत होतो. तो थर जिथे घर्षण आणि उष्णता आहे तिथे, म्हणजे मोटरमध्ये, आधी बसतो.

कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व, त्यात इम्पेलर, दांडा आणि मोटरची पोकळी तासभर. थर बोटाने निघाला. साध्या पाण्याने तीनदा धुतलं. दांड्याच्या टोकांना चिमुकल्या रबरी टोप्या असतात, त्या इम्पेलरबरोबर निघून येतात. सिंकमध्ये धुताना जाळी लावा, त्या गेल्या की आवाज कायमचा. दांडा वाकत नाही, तुटतो, त्यामुळे पक्कड लावायची नाही. माझ्या दांड्यावर झिजेची रेघ आधीच पडली होती, म्हणून इम्पेलरचा पूर्ण संच बदलला, ७०० रुपये. जुना संच राखीव म्हणून डब्यात.

मोजलं : ४२. खडखड गेली.

यापुढे उडालेलं पाणी भरून काढायला फक्त स्वयंपाकघरातलं आरओचं पाणी. आठवड्याचा पाणीबदल टँकरच्याच पाण्याने, अँटी-क्लोरीन घालून.

१ जून, रविवार

४६ सेकंद. जाळीवरचा स्पंज पिळला, ४३. कॅनिस्टर उघडला नाही. महिनाभर न उघडताही प्रवाह टिकला, कारण घाण आत पोचण्याआधी बाहेर अडते आहे आणि इम्पेलरवर क्षार नाहीत.

६ जुलै, रविवार

पाऊस लागला, पंखे काढले, पाणी २५ अंशांवर आपोआप. टँकर बंद. बादली ५१ सेकंद दाखवते, तेव्हा आज पूर्ण सफाई : मीडिया, पाइप, इम्पेलर लिंबूसत्वात, ओ-रिंगला ग्रीस. सगळं मिळून दीड तास. नंतर ४१.

आतापर्यंतचा खर्च : फिल्टर ५,८००, रिंगा ५००, स्पंज-फ्लॉस २५०, जाळीवरचा स्पंज ८०, घमेलं १२०, पाइपाचा ब्रश २२०, ग्रीस १५०, वीजेचं काम ४००, टीडीएस मीटर ३५०, इम्पेलर संच ७००, पंखे ९००, लिंबूसत्व ४०. एकूण ९,५१० रुपये. विजेचे महिन्याला साधारण २५ युनिट वेगळे. फिल्टर घेताना बजेट काढणाऱ्याने बॉक्सच्या किमतीवर निम्म्याहून जास्त रक्कम बाजूला ठेवावी.

ओ-रिंग अजून मऊ आहे, पण ऑक्टोबरपर्यंत नवीन आणून ठेवायची. दुकानात सध्या शिल्लक आहे. पाइपाची टोकं तोटीजवळ कडक व्हायला लागली आहेत. पाइपात थोडी ढील ठेवली होती, त्यातले दोन-दोन सेंमी कापून परत चढवले. पुढची मोजणी गणपतीआधी.